घरामागची दरड पावसाआधी धरायची आहे: आरसीसी भिंत, दगडी जाळ्या की नुसता वाळा?

परसूमागे

नमस्कार. मोजमापं जमतील तितकी नेमकी देतो.

ठिकाण राजापूर तालुका, खाडी सरळ रेषेत दीड किलोमीटर. घरामागे जेसीबीने कापलेली दरड आहे, उंची ४.२ मीटर, लांबी २२ मीटर. वरचा दीड मीटर कडक जांभा. त्याखाली २.७ मीटर पिवळट-गुलाबी, मधूनमधून पांढरी, ओली झाली की शाडूसारखी हाताला लागणारी माती. घराची मागची भिंत दरडीच्या पायथ्यापासून २.४ मीटरवर.

दरडीला लागून चिऱ्याची भिंत होती. सिमेंटात बांधलेली, ६० सेंमी जाड, ३ मीटर उंच, पाणी निघायला चार इंची पाइपाची दहा भोकं. जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागल्यावर मधला ९ मीटरचा भाग आडवा झाला आणि तिथे दरड आणखी मीटरभर आत गेली. उरलेली भिंत पोटात फुगली आहे.

दरडीच्या वर मागे ९ मीटरपर्यंत जागा आपलीच, तिथे काजूची चार झाडं. त्यापुढे चढावर दुसऱ्यांची आंब्याची कलमं. वरून येणारं पाणी अडवायला कडेपासून दीड मीटरवर चर खणलेला आहे.

ठेकेदार म्हणतो, एम २० ची (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आरसीसी भिंत घाला, भोकं दुप्पट ठेवू, बाकी काही लागत नाही. सिमेंट-लोखंड कमीत कमी वापरून काम होत असेल तर तेच करायचं आहे. दगडी जाळ्या (गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली भिंत) चालतील का? नुसता वाळा (खस, खोल मुळांचं गवत) लावून भागेल का? मृगाआधी हातात साडेचार महिने आहेत.

खडी_४०

तुमच्या जमिनीची उतरंड कोकणात ठिकठिकाणी आढळते. वर जांभ्याची टोपी, तिला उभ्या-आडव्या भेगा आणि पोकळ्या, त्यामुळे पाणी सरळ खाली उतरतं. खाली ती शाडूसारखी माती, तिच्यातून पाणी फार सावकाश जातं. म्हणजे दोन्हींच्या सांध्यावर पाणी तुंबतं आणि वाट मिळेल तिथून, म्हणजे तुमच्या कापाच्या तोंडातून, बाहेर येतं. येताना बारीक माती घेऊन येतं. खालची माती पोखरली की वरचा जांभा अधांतरी राहतो आणि ढेकळासारखा मोडून पडतो. उन्हाळ्यात हीच माती कुदळीला दाद देत नाही, म्हणून जेसीबीवाला ती उभी कापून मोकळा होतो.

आता जुन्या भिंतीचा हिशेब. मीटरभर लांबीचा तुकडा धरा. चिऱ्याचं वजन घनमीटरला २ टन धरलं तर भिंत ०.६ × ३ × २ = ३.६ टन. पुढच्या कडेवरून उलटायला तिचा विरोध ३.६ × ०.३, म्हणजे १.१ टन-मीटर (वजन गुणिले त्या कडेपासूनचं अंतर). मातीचा घर्षणकोन (कण एकमेकांवर घसरायला किती विरोध करतात त्याचं माप) ३० अंश धरून नुसत्या दमट मातीचा रेटा येतो मीटरला पावणेतीन टन, तळापासून एक मीटरवर. म्हणजे उलटवणारं बळ पावणेतीन टन-मीटर. भिंत कोरड्यातसुद्धा अडीच पट अपुरी होती.

मग ती इतके दिवस उभी कशी होती? माती स्वतःच्या चिकटपणावर उभी होती, भिंत फक्त समोर होती. कणांमधल्या थोड्या ओलीमुळे मातीला जो ताण मिळतो, तो पूर्ण भिजल्यावर जातो. मागे पाणी वरपर्यंत भरलं की एकट्या पाण्याचा रेटा साडेचार टन, बुडालेल्या मातीचा दीड टन, बेरीज सहा टन. भोकं होती, पण त्यांच्या मागे खडीचा थर होता का? मातीला थेट पाइप टेकवला असेल तर पहिल्याच पावसात तो बारीक मातीने बंद होतो. ठेकेदाराने भोकं दुप्पट केली तर बंद भोकंही दुप्पट होतील.

पुढे जाण्याआधी तीन गोष्टी सांगा. वरच्या चराला आतून अस्तर आहे का? त्याचं पाणी शेवटी कुठे जातं? आणि घराचा शोषखड्डा कुठे आहे?

परसूमागे

भिंतीमागे खडी नव्हती. कापातलीच माती परत भरली होती.

चर ४५ सेंमी खोल, कच्चा. दोन्ही टोकांना उतार आहे, मध्ये पाणी थोडं थांबतं. डावं टोक पऱ्यात (ओढ्यात) जातं, उजवं पाणंदीत सुटतं. शोषखड्डा घराच्या खालच्या अंगाला आहे, तो प्रश्न नाही. पण कडेपासून ६ मीटर मागे मांगर (शेतातली खोपटी) आहे, त्याच्या न्हाणीचं पाणी तिथेच एका खड्ड्यात जिरतं.

खडी_४०

चर मध्ये तुंबतो आणि तुमची भिंतही मध्येच पडली. हा योगायोग नाही. जांभ्यात कच्चा चर खणून त्यात पाणी थांबू देणं म्हणजे दरडीच्या डोक्यावर आपल्या हाताने शोषखड्डा करणं. चर अजिबात नसता तर यापेक्षा कमी नुकसान झालं असतं.

न्हाणीचं पाणी पावसापुढे किरकोळ आहे. दहा गुंठ्यांवर वर्षाला ३००० मिमी पाऊस म्हणजे तीन हजार घनमीटर पाणी, त्यापुढे न्हाणी काहीच नाही. पण ते बारमाही एकाच ठिकाणी मुरतं आणि तिथली माती उन्हाळ्यातही सुकत नाही. पाइप घालून ते दरडीच्या बाजूने खाली काढा. शे-दीडशे फूट पाइपाचं काम आहे, टाळू नका.

कच्चा चर आधी बुजवायचा. आतला पातेरा (गळलेला पाला) आणि गाळ काढून चिकट माती १५-१५ सेंमीच्या थरांत, थोडं पाणी मारून, धुमसाने ठोकत भरा. नुसती लोटलेली माती पुढच्या पावसात बसते आणि तिथे परत पाणी साचतं. नवा चर कडेपासून निदान ५ मीटर मागे घ्या. तो सलग एका दिशेने उतरता हवा, ५० मीटरला एक मीटर, आणि शेवट पऱ्यात. पाणंदीत सोडू नका, तिथून ते रस्ता खात परत तुमच्याच परसात येईल.

आकाराचा हिशेब असा: वरून दहा गुंठ्यांचं पाणी येतं धरलं, तासाला १०० मिमीची सर आणि त्यातलं ७० टक्के वाहून येतं, तर सेकंदाला २० लिटर. ३० × ३० सेंमीचा दगडी अस्तराचा चर या उतारावर सेकंदाला शंभर लिटरच्या वर नेतो. कागदावर पाचपट झाला, पण काजू-आंब्याचा पातेरा साठला की अर्धा चर गेलाच. म्हणून ४५ रुंद, ४० खोल करा. अस्तराला पडलेल्या भिंतीचे साबूत चिरे वापरा, सांधे सिमेंटाने भरा, तळाला ७५ मिमी काँक्रीट. पऱ्यात पडतो तिथे मोठे काळे दगड टाकून पायरी करा, नाहीतर चराच्या तोंडाशी पऱ्या खोल होत जाईल आणि चर मागून उखडेल.

ओळंबा

पाण्याचं सगळं बरोबर. पण जाळ्यांबद्दल एक अडचण आधीच सांगतो, नंतर जागेवर उभं राहून डोकं धरण्यापेक्षा. ३ मीटर उंचीला तळात २ मीटर रुंदी लागते. तुमच्याकडे घर आणि दरड यांत २.४ मीटर आहे. ४० सेंमीच्या बोळातून मागे जाणार कोण? मागच्या खिडक्या, गटार, पागोळ्यांचं पाणी, सगळं अडकेल. आरसीसी भिंतीचा तळ मात्र मातीच्या अंगाला आत घेता येतो आणि समोर जागा राहते.

खडी_४०

तळ आत घ्यायला दरड आत कापावीच लागते, आरसीसी असो की जाळ्या. आणि इथे मधले ९ मीटर आधीच मीटरभर आत गेले आहेत. मांडणी अशी सुचवतो.

तळाच्या २ मीटरपैकी १.२ मीटर दरडीत, ०.८ मीटर बोळात. बोळ १.६ मीटर उरतो. तीन थर: तळाचा २ मीटर रुंद, मधला दीड, वरचा एक, प्रत्येक थर एक मीटर उंच. समोरचं तोंड सरळ ठेवा आणि पायऱ्या मागच्या अंगाला घ्या, म्हणजे पायऱ्यांवर बसलेली मातीही भिंत दाबून धरते. पाया जमिनीखाली ३० सेंमी. दिसणारी उंची २.७ उरते, म्हणजे शाडूसारखी माती जिथे संपते तिथपर्यंत बरोबर झाकली जाते. पूर्ण भिंत दरडीकडे दहास एक या प्रमाणात कललेली बसवा. कल धरायचा तो पाया खणतानाच, वरचे थर मागे सरकवून नाही.

हिशेब: मीटरला ४.५ घनमीटर जाळ्या, भरलेल्या दगडाचं वजन घनमीटरला १.७ टन धरून ७.६ टन. पायऱ्यांवरची माती २.७ टन. घसरण्याला विरोध, घर्षणांक ०.५ धरून, ५.२ टन. समोर रेटा पावणेतीन टन. माती वाईट निघाली आणि कोन २५ अंशच धरला तरी रेटा ३.३ टन, म्हणजे विरोध रेट्याच्या निदान दीडपट हवा हा नियम पाळला जातो. जाळीतून पाणी जातं, त्यामुळे पाण्याचे ते साडेचार टन साचतच नाहीत. जाळ्यांचा खरा फायदा हाच, लवचिकपणा वगैरे नंतर.

यात एक अट आहे. वरच्या दीड मीटर जांभ्याचं वजन रेट्यात येता कामा नये. भिंतीच्या तळाच्या मागच्या कडेपासून जांभ्याची कडा दीड मीटर मागे न्या, म्हणजे मध्ये सपाट पायरी तयार होईल. ती कडा आताच्या काठापासून २.७ मीटर मागे जाते. त्यात कच्चा चरही निघून जाईल, तो बुजवण्याचा खर्च वाचला. पायरी न करता जांभा डोक्यावर तसाच ठेवला तर वरचा हिशेब लागू होत नाही, भिंत घसरायला येते. तुमच्या पायरीच्या पट्ट्यात काजू येत असतील तर ते आधी काढावे लागतील.

हा अंदाजी हिशेब आहे. मातीचा नमुना जवळच्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात देऊन घर्षणकोन काढून घ्या, ओल्या स्थितीतला. आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने करा. डोंगरी भागातल्या भिंतींसाठी आयएस १४४५८ हे मानक आहे, त्याला ते माहीत असायला हवं.

चिरेबंदी

जांभा मागे घेताना ब्रेकर लावू नका. ९० घनमीटरच्या आसपास जांभा निघेल. चिरेखाणीतलं कटर मशीन लावलं तर त्यातला बराचसा चिरा म्हणून निघतो. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो, म्हणून महिनाभर रचून ठेवून मग वापरा. चराचं अस्तर, बोळातलं गटार आणि पायरीच्या काठाचा गडगा (दगड रचून केलेला बांध) यांत तो सगळा जिरेल, बाहेरून एक गाडी मागवावी लागणार नाही. काढलेला चिरा-माती बाहेर न्यायची असेल तर तहसीलची गौण खनिजाची परवानगी लागते. आवारातच वापरणार असाल तरी आधी विचारून ठेवा.

पण हा जांभा जाळ्यांत भरू नका, इथे लोक हटकून चुकतात. घरचाच दगड आहे म्हणून भरतात. कडा घासून त्याचा चुरा होतो, चुरा जाळीतून गळतो, जाळी पोटातून बसते. जाळीला काळा दगडच हवा, १५० ते २५० मिमीचा डबर. जाळीचा डोळा १०० × १२० मिमीचा असतो, त्यामुळे १२० च्या खालचा दगड समोरच्या तोंडाला नकोच. मागे पोटात थोडा लहान चालतो.

परसूमागे

डबर किती ब्रास लागेल?

चिरेबंदी

२२ मीटर × ४.५ = ९९ घनमीटर, म्हणजे ३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). वाया जाणारा धरून ३८ मागवा. गाडी उतरताना डंपरची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजून घ्या. आमच्याकडे "तीन ब्रासची गाडी" ही मोजणी नसून म्हण आहे.

किनारा_काँक्रीट

आरसीसीची बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे. जागा खरंच नसेल तर तीच भिंत योग्य. पण ठेकेदाराचा एम २० इथे चालत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे किनारी हवामान "तीव्र" गटात येतं. त्यात आरसीसीला किमान एम ३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, लोखंडावर ४५ मिमी काँक्रीट. मातीला थेट टेकून ओतलेल्या पायात ७५ ठेवा. एम २० आणि २५ मिमी आवरण दिलं तर खारी हवा दहा-पंधरा वर्षांत सळीपर्यंत पोचते, गंज फुगतो आणि काँक्रीट सोलून पडतं. तेही मागच्या अंगाला, जिथे ताण आहे आणि जिथे कुणाला दिसत नाही.

सिमेंट कमी करायचं तर स्लॅगचं सिमेंट (पीएससी) घ्या. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीने क्लिंकरचा (सिमेंटसाठी भाजलेल्या मूळ मालाचा) मोठा हिस्सा भागतो, आणि क्षारांना ते साध्या सिमेंटपेक्षा चांगलं तोंड देतं. ताकद सावकाश येते, म्हणून पाणी मारणं सातऐवजी १४ दिवस.

तुलनेसाठी: ३ मीटरच्या आरसीसी भिंतीला मीटरमागे दीड घनमीटर काँक्रीट, पूर्ण लांबीला ३३ घनमीटर, एम ३० धरून सिमेंटची अडीचशेच्या वर पोती आणि तीनेक टन सळी. साध्या सिमेंटच्या एका टनामागे ८००-९०० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे धरलं तर सिमेंटचाच वायू दहा टनांच्या वर जातो. जाळ्यांत सिमेंट जवळजवळ नाही. मात्र डबराची खाण ५० किलोमीटरवर असेल तर डंपरच्या डिझेलने त्यातला काही वाटा परत जातो. जवळची खाण शोधा.

आणि आरसीसीमागेही खडीचा थर लागतोच. "बाकी काही लागत नाही" म्हणणारा ठेकेदार बदला.

वाळा_आणि_बांबू

मूळ प्रश्नातल्या वाळ्याबद्दल. नुसता वाळा लावून ही दरड थांबणार नाही. त्याची मुळं वर्षभरात दोन-तीन मीटर सरळ खाली जातात हे खरं, पण उभ्या कापावर तो लावणार कुठे? तो वरच्या मातीची धूप थांबवतो, खोल घसरण नाही. पायरी करताय ना, तिथे त्याला काम आहे.

पायरीवर मातीचा थर हवा आणि पायरीला बाहेरच्या अंगाला नाही, तिच्या आतल्या कडेच्या चराकडे किंचित उतार हवा. वाळ्याचे तीन-चार फुटव्यांचे ठोंब १०-१५ सेंमी अंतरावर, आडव्या ओळीत, पहिल्या दोन चांगल्या सरी झाल्यावर लावा. एप्रिलमध्ये टँकरने पाणी घालून लावायची घाई नको. पाने २० सेंमीवर, मुळं १० सेंमीवर छाटून. पहिल्या वर्षी गुरं कोवळी पात खातात, काटेरी कुंपण घाला. सावलीत वाळा जगत नाही, काजूच्या खाली लावून उपयोग नाही. बिनबियाचा प्रकार घ्या, अत्तराच्या शेतीसाठी दक्षिणेकडे लावतात तो.

झाडी येईपर्यंत पायरीवर काथ्याची जाळी अंथरा, चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या पुढची. मीटर-मीटरवर बांबूच्या खुंट्या मारा आणि वरची कडा ३० सेंमी खोल खाचेत पुरून टाका. खाचेत न पुरता अंथरलेली जाळी पहिल्या पावसात चटईसारखी गुंडाळत खाली येते. दोन-तीन वर्षांत काथ्या कुजतो, तोवर मुळं धरलेली असतात. प्लास्टिकची जाळी तेवढ्यासाठी नको.

काठावर माड, बांबूची बेटं, मोठं आंब्याचं झाड यांतलं काही ठेवू नका. वजन आणि वारा दोन्ही काठावर येतं. निसर्ग वादळात (३ जून २०२०) श्रीवर्धन-दिवेआगरकडे आगरंच्या आगरं (नारळी-पोफळीच्या बागा) उपटली गेली. उपटलेल्या झाडाच्या मुळाशी पडणारा खड्डा हा दरडीच्या डोक्यावरचा हौदच. बांबू पऱ्याच्या काठाला लावा, तिथे तो काठ धरून ठेवतो.

ओळंबा

जाळ्यांमागच्या थराबद्दल कुणी बोललं नाही. भूवस्त्र (न विणलेलं जिओटेक्स्टाइल, पाणी सोडून माती अडवणारं कापड) थेट या मातीला टेकवलं तर मातीचे बारीक कण त्यात बसून वर्ष-दोन वर्षांत ते चोंदतं. मग जाळी सच्छिद्र असूनही मागे पाणी चढतं. म्हणून मातीकडून जाळीकडे असं भरा: आधी १५० मिमी क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) आणि १२ मिमी खडीचं मिश्रण, मग भूवस्त्र, मग १५० मिमी ४० मिमीची खडी, मग जाळी. तळाशी ११० मिमीचा भोकं पाडलेला पाइप, भोकं खालच्या अंगाला, शंभरास एक उतार. दोन्ही टोकं बाहेर काढा आणि त्यांना झाकण द्या, म्हणजे दरवर्षी मे महिन्यात पाण्याचा जोर मारून धुता येईल. भूवस्त्राच्या दोन पट्ट्या ३० सेंमी एकमेकींवर चढवा. वर पायरीखाली ३० सेंमी चिकट माती ठोकून टोपी करा, नाहीतर पायरीचं पाणी सरळ खडीत उतरेल.

भरताना पोकलेनने दगड ओतू नका. एक तृतीयांश भरला की समोरची आणि मागची जाळी आतून तारेने बांधा, दोन तृतीयांशला परत बांधा. या ताणतारा विसरल्या की जाळी गरोदर दिसते. समोरच्या तोंडाचे दगड हाताने रचायचे, गडग्यासारखे. वरचं झाकण लावण्याआधी ३-५ सेंमी वर भरा, बसल्यावर सपाट होतं.

परसूमागे

पायरीची मांडणी पटली, जागाही आहे. बोळ १.६ चालेल. फक्त दोन प्रश्न: फुगलेली उरलेली भिंत आधी काढू का? आणि मेअखेर काम अर्धवट राहिलं तर काय करायचं?

खडी_४०

आधी वरचं, मग खालचं. पहिल्यांदा नवा चर आणि न्हाणीचा पाइप. मग जांभा मागे घेऊन पायरी. डोक्यावरचं वजन उतरलं की मगच पायथ्याला हात लावा. उलट केलंत, म्हणजे आधी भिंत पाडून पाया खणलात, तर उन्हाळ्यातसुद्धा दरड अंगावर येऊ शकते. अशा खड्ड्यांत माणसं दबतात ती बहुतेक पाया खणताना, पावसात नव्हे.

पायथा एकदम २२ मीटर उघडू नका. तीन मीटरचा एक तुकडा, मग एक तुकडा सोडून पुढचा. उघडलेल्या तुकड्यात तिन्ही थर आणि मागची खडी पूर्ण झाल्याशिवाय मधल्या तुकड्याला हात लावायचा नाही. पडलेले ९ मीटर पहिले घ्या, फुगलेली भिंत त्या-त्या तुकड्याबरोबर काढा. एका तुकड्याला पाच-सहा दिवस धरा, म्हणजे आठ तुकड्यांना दीड महिना. १५ मेनंतर नवा तुकडा उघडू नका. वळवाची एक सर उघड्या कापाला पुरते.

राहिलंच, तर न झालेल्या भागासमोर वाळू-मातीच्या गोण्यांचा दीड मीटर उंच, दोन मीटर रुंद धक्का रचा आणि वर पायरीपासून ताडपत्री टाका. ताडपत्रीच्या खालच्या टोकाचं पाणी गटारात गेलं पाहिजे, पायथ्याशी नाही.

घाटकटिंग

एक पर्याय जोडतो. सांध्यावर पाणी तुंबतं म्हणताय, तर ते आतूनच काढता येतं. विहिरीत आडवी बोअर मारणारी मशीन कोकणात गावोगाव फिरते. तीच दरडीच्या तोंडातून, जांभा आणि मातीच्या सांध्याच्या थोडं खाली, आतल्या बाजूला ५ ते १० अंश वर चढत, ६ ते ९ मीटर आत मारायची. त्यात भोकांचा ५०-६३ मिमी पीव्हीसी पाइप, त्यावर भूवस्त्राची पिशवी. पहिला दीड मीटर पाइप बिनभोकाचा ठेवा, नाहीतर आतून आणलेलं पाणी तोंडाशी परत मातीत जिरतं. २२ मीटरला चार बोअर पुरतील. मोठ्या रेल्वे-रस्ता कटिंगमध्ये हीच पद्धत असते. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ कटिंगमधली दरड रुळावर येऊन गाडीला अपघात झाला, त्यानंतर कोकण रेल्वेवर उतार कमी करणं, जाळ्या, गॅबियन, पाण्याचा निचरा, वाळा यांवर पुष्कळ काम झालं. यातलं कुठलंही एकटं पुरत नाही.

बोअर भिंत बांधण्याआधी मारा, नंतर जाळी फोडावी लागते.

पावसाळ्यात त्या चार पाइपांवर नजर ठेवा. स्वच्छ पाणी येतंय तोवर ठीक. गढूळ यायला लागलं, किंवा धो-धो पावसात वाहता पाइप अचानक बंद झाला, की मागच्या खोल्या रिकाम्या करा. तसंच काठावर नवी भेग दिसली, मागचं दार चौकटीत अडकायला लागलं, काजू कलायला लागला तरी. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून अंतर रोज मोजून लिहून ठेवा. हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे चोवीस तासांत २०४.५ मिमीच्या वर पाऊस अपेक्षित. काम पुरं होईपर्यंत अशा रात्री मागच्या खोलीत कुणी झोपू नये. महाडजवळच्या तळीयेला २२ जुलै २०२१ ला दरड आली ती अशाच अतिवृष्टीत. तुमचा काप त्या डोंगरापुढे लहान आहे, पण घर २.४ मीटरवर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे भूकोश संकेतस्थळावर आहेत. त्यात तुमचा डोंगर कुठल्या रंगात आहे पाहा. मात्र ते १:५०,००० चे आहेत, घरामागचा काप त्यात दिसत नाही.

परसूमागे

आभार. इंजिनिअरला ही मांडणी दाखवतो. जाळ्या घेताना दुकानदार "सगळ्या सारख्याच" म्हणतो. काय तपासू?

ओळंबा

सगळ्या सारख्या नसतात. खाडी दीड किलोमीटरवर आहे, तर नुसती जस्ताची तार नको, जस्तावर पीव्हीसीचं आवरण असलेली घ्या. कॅलिपरने आतली तार २.७ मिमी, आवरणासह ३.७ भरली पाहिजे. डोळा दुहेरी पीळ घातलेला, षटकोनी असावा. एक तार पक्कडीने तोडा आणि ओढून पाहा. बाजूचे डोळे सुटत गेले तर ती कुंपणाची जाळी आहे, परत करा. कडेची तार जाळीपेक्षा जाड असते, ३.४ मिमी. बांधायची तार २.२ मिमीची, तीही आवरणाचीच. लोक जाळी चांगली घेतात आणि बांधायला साधी बांधकामाची बाइंडिंग तार वापरतात, ती दोन पावसाळ्यांत गंजून तुटते. दोन मीटर लांबीच्या पेटीत मधला पडदा आहे ना ते उलगडून बघा, बंद गठ्ठ्यावर पैसे देऊ नका. माल आला की सावलीत ठेवा आणि लोखंडी हुकने ओढू नका, आवरण सोललं की गंज तिथूनच सुरू होतो.